विवाहित, एकत्र

१ जून, सोमवार. सकाळ.

ठरलं. या वर्षी इन्कम टॅक्सचं रिटर्न मी स्वतः भरणार. शेवटची तारीख तीस जून, म्हणजे अख्खा महिना हातात आहे. आणि काम ते काय? फॉर्म भरायचा. आमच्याकडे दरवर्षी एका रविवारी हे काम व्हायचं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे, लॅपटॉपवर ही बसायची आणि मी स्टेपलर धरायचो. ही जिथे पिवळी चिठ्ठी चिकटवेल तिथे सही करायचो. म्हणजे निम्मं काम माझंच असायचं.

ही सध्या मेहुण्याकडे आहे. फेब्रुवारीपासून. हवापालट. चिंगीही (आमची मुलगी, वय अकरा) तिकडेच आहे, कारण तिची शाळा तिथून जवळ पडते. भांडण वगैरे काही झालेलं नाही. दादा म्हणतो, भांडण झालं नाही हीच काळजीची गोष्ट आहे. दादाला प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायची सवय. भांडून गेलेल्या माणसाला परत येताना कमीपणा वाटतो. हिला तो प्रश्नच नाही.

बेत असा. आमच्या इथल्या कायद्याने नवरा-बायकोला मिळून एकच रिटर्न भरता येतं आणि आम्ही नेहमी तसंच भरत आलो. त्यावर हिची सही लागते. सहीसाठी ही इथे येणार. तेच टेबल, तेच कागद, तोच स्टेपलर, वर माझ्या हातचा चहा. एकदा बसली की उठेल कशाला?

संकल्प: रोज एक तास टॅक्स. रोज दाढी. रोज ही रोजनिशी.

४ जून, गुरुवार.

मधले दोन दिवस लिहिलं नाही. डोकं शांत ठेवून तयारी चालू होती.

आज टॅक्सच्या साइटवर गेलो. पासवर्ड विचारला. माझं नाव टाकलं, नाही. चिंगीचं टाकलं, नाही. लग्नाची तारीख टाकली, तर खातं तासाभरासाठी बंद झालं. तिथे 'पासवर्ड विसरलात?' असं एक बटण आहे. मी विसरलेलो नाही, मला तो कधी माहीतच नव्हता. पण तसं बटण ठेवलेलं नाही. सरकारी काम, दुसरं काय.

तासाभराने तेच बटण दाबलं. उत्तर आलं की तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, शेवटचे आकडे ६३. मी माझा मोबाइल काढून बघितला. माझे शेवटचे आकडे ६३ नाहीत. हिचे आहेत.

हिला मेसेज केला, ओटीपी आला का म्हणून.

इथे एक नोंद करणं आवश्यक आहे. फेब्रुवारीपासून मी हिला पुष्कळ मेसेज केले. घरी कधी येणार, इस्त्री कुठे ठेवली आहे, वॉशिंग मशीनमधून पाणी का येतं. उत्तरं दुसऱ्या दिवशी येतात आणि बहुतेक 'बघते' एवढंच असतं. पण आज? मी फोन खाली ठेवायच्या आत उत्तर! हिने अख्खा मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवला होता. '४०८१२६ हा आपला ओटीपी आहे. दहा मिनिटं चालेल. हा क्रमांक कोणालाही सांगू नका.'

आमचं लग्न आठ डिसेंबरचं. आकड्यात मधोमध ०८१२. हे आकडे मशीन काढतं हे मला कळतं, मी काही वेडा नाही. पण पाठवणारा हात हिचाच ना? शिवाय सरकार स्पष्ट बजावतंय की कोणालाही सांगू नका. आणि हिने मला सांगितला. म्हणजे त्या 'कोणालाही'मध्ये मी येत नाही.

हे सगळं नीट समजून घेईपर्यंत दहा मिनिटं उलटून गेली. हरकत नाही. उद्या पुन्हा मागवू.

९ जून, मंगळवार. शोरूमवर, दुपारी.

गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितो आहे. शोरूम गाद्यांचं आहे आणि मी तिथला सगळ्यात जुना सेल्समन. मालक म्हणतात, शोरूमचा आधारस्तंभ. पगार वाढवायचा विषय निघाला की म्हणतात.

सकाळी एक जोडपं आलं होतं. नवीन संसार, अजून एकमेकांचं ऐकत होते. त्यांना आमची भारीतली गादी दाखवली. तिची खासियत अशी की एका बाजूला पाण्याने भरलेला ग्लास ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला मी उडी मारायची. पाणी हलत नाही. हा प्रयोग माझ्याइतका कोणालाच जमत नाही. उडी मारून झाल्यावर नेहमीचं वाक्य टाकलं, जोडीदार मध्येच उठून निघून गेला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. तर ती बाई म्हणाली, मग त्यात चांगलं काय? नवरा हसला. बाई नाही हसली. गादी न घेता गेले. काही लोकांना तंत्रज्ञान कळत नाही.

मी स्वतः तीच गादी घेतली आहे. पलंग हिच्या वडिलांनी दिलेला, तो हिने टेम्पो बोलावून नेला (मेहुण्याकडे पलंग कमी असणार). मग मी स्टाफ डिस्काउंटवर नवीकोरी डबल गादी घेतली आणि जमिनीवरच टाकली. प्लास्टिक काढलेलं नाही. ही आली की दोघांनी मिळून काढू. कुशीवर वळलं की चुर्र चुर्र आवाज होतो आणि घाम येतो, पण गादी नवी राहते.

ओटीपी शुक्रवारी मागवला, शनिवारी मागवला, काल मागवला. प्रत्येक वेळी लगेच आला. शनिवारी तर फॉर्म उघडायचाही नव्हता. सराव म्हणून मागवला. सगळे या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवले आहेत.

दाढी उद्यापासून.

११ जून, गुरुवार.

आत शिरलो! पासवर्ड बदलला. फॉर्म उघडला. पहिल्याच पानावर 'वैवाहिक स्थिती'. खाली पर्याय: अविवाहित. विवाहित, एकत्र. विवाहित, स्वतंत्र. विभक्त. घटस्फोटित. विधुर. माणसाच्या आयुष्यात इतक्या भानगडी होऊ शकतात हे बघून अंगावर काटा आला. मी 'विवाहित, एकत्र'वर टिचकी मारली. हिरवी खूण उमटली. संगणकानेही हरकत घेतली नाही. सरकारदरबारी आम्ही एकत्र आहोत. हे वकीलबाईंना कोणीतरी दाखवायला हवं. (वकीलबाई म्हणजे हिने उगाच पैसे भरून ठेवलेली एक बाई.)

पुढच्या पानावर 'जोडीदाराची माहिती'. नाव भरलं. काम करण्याचं ठिकाण: 'ऑफिस' असं भरलं. घेतलं नाही, पूर्ण नाव मागतो. काचेची इमारत आहे आणि खाली झेरॉक्सचं दुकान आहे एवढं मला पक्कं माहीत आहे, पण ते लिहायला जागा नाही. हुद्दा: असिस्टंट. खात्री करून घ्यावी म्हणून हिला विचारलं. उत्तर आलं की मी तीन वर्षांपूर्वी मॅनेजर झाले.

मी लिहिलं, मला कधी सांगितलंच नाहीस. हिचं म्हणणं, सांगितलं होतं, पेढ्याबिढ्यांच्या भानगडीत न पडता सरळ सांगितलं होतं, तू मॅच बघत होतास आणि 'व्वा' म्हणालास. आता कोणती मॅच ते काही हिने लिहिलं नाही. त्यामुळे पडताळून बघता येत नाही. पण 'व्वा' म्हणालो होतो हे महत्त्वाचं. अभिनंदन वेळेवर झालेलं आहे.

१४ जून, रविवार. संध्याकाळ.

रविवारी चिंगी माझ्याकडे असते. सकाळी फॉर्मवर 'अपत्याची माहिती' भरत होतो. जन्मतारीख टाकली. लाल अक्षरात आलं, नोंदींशी जुळत नाही. पुन्हा टाकली. पुन्हा लाल. सिस्टिममध्ये गडबड आहे, असं मी मोठ्याने म्हणालो. चिंगी माझ्या खांद्यावरून वाकली, साल खोडून एक वर्ष आधीचं टाकलं. हिरवं झालं. म्हणाली, बाबा, मला बारा पूर्ण झाली. मार्चमध्ये. केक तूच घेऊन आला होतास.

केक मी आणला होता हे खरंच आहे. मेणबत्त्या मोजायचं काम माझ्याकडे नव्हतं.

मग तिने सांगितलं की ती आणि आई पुढच्या महिन्यात मामाकडून नव्या फ्लॅटमध्ये जाणार. दोन खोल्या, तिची स्वतःची खिडकी. भाड्याचा? मी विचारलं. म्हणाली, हो, दोन वर्षांचा करार आहे. मी तिला समजावलं की घरमालक लोक कमी मुदतीचा करार करायला तयारच होत नाहीत, त्यामुळे त्यातून काही अर्थ काढायचा नसतो. चिंगी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तोंड अगदी आईसारखं झालं आहे तिचं. मग म्हणाली, बाबा, मला आता चिंगी नको म्हणूस.

कशी गोड लाजते अजून.

१७ जून, बुधवार.

टॅक्स सल्लागाराकडे जाऊन आलो. जिना अरुंद, केबिन त्याहून अरुंद, आणि भिंतीवर जिकडेतिकडे फायली. हा गृहस्थ बोलताना माणसाकडे बघत नाही, कॅल्क्युलेटरकडे बघतो. मी विचारलं, डबल गादी धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येईल का, कारण मी रोज तिची चाचणी घेतो. तो म्हणाला, नाही. जोडीदार सध्या वेगळी राहते पण मनाने एकत्र आहे, तर? तो म्हणाला, मनाचा रकाना नाही.

पण पुढे एक फार मोलाची गोष्ट सांगितली. गेल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी लग्न शाबूत होतं ना? मग या वर्षी एकत्र भरता येईल, दोघांची तयारी असेल तर. माझ्या कानात सगळं घंटेसारखं वाजलं. त्यानंतर तो आणखी काहीतरी म्हणाला, म्हणजे मिसेसनी त्यांचं रिटर्न आधीच वेगळं भरलं नाही ना ते विचारून घ्या वगैरे. ते मी विचारणार नाही. असले प्रश्न विचारून संशय दाखवायचा नसतो. संसार विश्वासावर चालतो.

घरी आलो तर दाराशी वकीलबाईंकडून जाड लिफाफा. एका वेळी एकच काम हा माझा नियम आहे. आधी टॅक्स. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड असल्याने टेबल डुगडुगतं, ही नेहमी तक्रार करायची. लिफाफा त्या पायाखाली सरकवला आणि काय सांगू, तंतोतंत बसला! टेबल आता जागचं हलत नाही. ही आल्यावर बघून खूश होणार.

२३ जून, मंगळवार.

येणार! रविवारी सकाळी अकराला ही येणार आहे!

झालं असं. मी ओटीपी मागवला. आज पहिल्यांदाच आकड्यांऐवजी फोन आला. आवाज दमल्यासारखा होता. म्हणाली, हा महिन्यातला कितवा, मीटिंगमध्ये असताना फोन वाजतो, तू करतोयस तरी काय? मी म्हटलं, फॉर्म किचकट आहे, तू समोर असलीस तर अर्ध्या तासाचं काम.  मग म्हणाली, ठीक आहे, एकदा येऊन सगळंच आटपून टाकू. आणि लिफाफा मिळाला का? मी म्हटलं, मिळाला. वाचलास? म्हटलं, उपयोगात आहे.

'सगळंच' म्हणाली. 'आटपून टाकू', म्हणजे आपण दोघं.

दादाला फोन करून सांगितलं. दादा म्हणाला, जे काय असेल ते नीट वाच, डोळे मिटून सह्या ठोकू नकोस. आणि मग म्हणाला, काही दिवस माझ्याकडे राहायला येतोस का? मी म्हटलं, ऐन मोक्याच्या वेळी घर सोडून कसा येऊ?

कामं: फरशी पुसणे. दोन कप एकसारखे शोधणे. स्टेपलरच्या पिना. दाढी.

२८ जून, रविवार. संध्याकाळ.

अपेक्षेपेक्षा कितीतरी छान झालं. क्रमाने लिहितो, काही सुटायला नको.

अकराच्या ठोक्याला बेल वाजली. हिच्याकडे किल्ली आहे, तरी बेल वाजवली. मी दार उघडलं. केस कापले आहेत. चांगले दिसतात, पण मी बोललो नाही, कारण कधी कापले ते माहीत नव्हतं आणि फार आधी कापले असले तर पंचाईत. चिंगी सोबत होती. ही आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. मी चहा दिला. हिने अर्धा प्याला. साखर आता घेत नाही म्हणे.

टेबलावर हात ठेवल्यावर हिच्या लगेच लक्षात आलं. म्हणाली, टेबल हलत कसं नाही? मी म्हटलं, केलंय मी दुरुस्त. ही वाकली, लिफाफा ओढून काढला. पाकीट बंदच होतं, त्यावर टेबलाच्या पायाचा गोल वळ उमटला होता. ही त्या वळाकडे बघत राहिली. मला वाटलं हसेल. पूर्वी अशा गोष्टींना हसायची. चिंगी उठून आतल्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, बाबा, गादीवर अजून प्लास्टिक का आहे?  ही दारापर्यंत जाऊन बघून आली आणि हळूच म्हणाली, काढून टाक ते, अंगावर पुरळ उठेल तुझ्या. काळजी! पाच महिन्यांनीसुद्धा!

मग लॅपटॉप उघडला. 'विवाहित, एकत्र'वरची हिरवी खूण दिसली तशी हिने हात थांबवला. म्हणाली, मी माझं एप्रिलमध्येच भरलं, वेगळं. तुला मेसेज केला होता तेव्हा. आणि एका टिचकीत खूण खालच्या ओळीवर गेली. 'विवाहित, स्वतंत्र'. पुढचं सगळं हिने भराभर भरलं, मी आकडे वाचून दाखवले. काय सांगू, अगदी पूर्वीसारखं. मध्ये 'प्रोफाइल' की काय उघडून तिथेही काहीतरी नीट केलं. म्हणाली, आता तुला अडचण यायची नाही.

फॉर्म झाला. शेवटचं बटण तेवढं तू दाब म्हणाली, तुझं आहे. मग लिफाफा फोडला. एकेक कागद समोर ठेवून हा कशाचा, तो कशाचा, हे सांगत होती. चिंगीचे रविवार, घर, बँक. पर्समधून पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येक पानावर जागच्या जागी चिकटवल्या. चिठ्ठी चिकटवताना अंगठ्याने दोनदा दाबायची तिची सवय आहे. ती अजून तशीच आहे. मी तेच बघत होतो. वाच, असं ही दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, खरंच वाच, हे टॅक्सचं नाही. मी म्हटलं, तू आहेस ना. आणि सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्यांपाशी सह्या केल्या. एकही चुकली नाही. शेवटचं पान झाल्यावर मी सवयीने स्टेपलर दिला आणि हिने सवयीने घेतला.

तेव्हा हिचे डोळे भरले होते. आनंद झाला की होतं असं.

जाताना आपली किल्ली टेबलावर विसरून गेली. म्हणजे पुन्हा यावंच लागणार.

२९ जून, सोमवार.

किल्ली राहिली म्हणून मेसेज केला. उत्तर आलं, विसरले नाही, ठेवली.

दुपारी दादाचा फोन. काय काय सह्या केल्यास? म्हटलं, पिवळ्या होत्या तेवढ्या. लिफाफ्यातली माझी प्रत डब्याच्या पिशवीत होती, ती त्याने बाहेर काढून वाचायला लावली, फोनवर, मोठ्याने, एकेक ओळ. शोरूमच्या मागे गोडाऊनमध्ये उभं राहून वाचलं. 'उभय पक्षांनी पूर्ण विचारांती व स्वखुशीने' इथपर्यंत आलो आणि कागदाची घडी घातली.  दादा लाइनवर होता हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

मग मालकांनी हाक मारली. एक जोडपं आलं होतं. ग्लास ठेवला, उडी मारली. पाणी सांडलं.

फार वाईट वाटतं आहे. इथे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

३० जून, मंगळवार. सकाळ.

शेवटचा दिवस. दाढी केली.

गादीचं प्लास्टिक काढलं. एकट्याने काढायला त्रास होतो. एका बाजूने ओढलं की गादीच सोबत सरकते. शेवटी तिच्यावर बसून कात्रीने कापलं.

मग रिटर्न उघडलं. सगळं भरलेलंच होतं. 'सबमिट' दाबलं. खात्रीसाठी ओटीपी पाठवला आहे, असं आलं. हिला मेसेज लिहायला घेतला. 'ओटीपी आला का' एवढं लिहून झालं आणि तेवढ्यात फोन माझ्याच हातात वाजला.

प्रोफाइलमध्ये काय नीट केलं होतं ते कळलं.

लिहिलेला मेसेज खोडला. सहा आकडे होते. आठ नाही, डिसेंबर नाही, कशाशी काही जुळत नव्हतं. खाली तीच सूचना: हा क्रमांक कोणालाही सांगू नका.

आकडे टाकले. रिटर्न गेलं. वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले नाहीत. कोणालाही सांगितलेले नाहीत.